भंडारदरा परिसराचा इतिहास आणि विद्यापीठीय प्रबंधांचा शोध : टंकलिखित प्रतीपासून शोधगंगेपर्यंत

प्रस्तावना

अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला, कळसूबाई आणि रतनगड यांच्या कुशीत भंडारदरा वसले आहे. प्रवरा नदीवरील दगडी धरणाचे काम येथे १९१० साली सुरू झाले. १० डिसेंबर १९२६ रोजी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सुमारे २७० फूट उंचीचे हे धरण त्या काळी देशातील सर्वांत उंच धरणांमध्ये गणले जात असे. धरणाला 'विल्सन' व जलाशयाला 'ऑर्थर' ही नावे मिळाली, आणि प्रवरा कालव्यांच्या पाण्यावर संगमनेर, राहुरी, श्रीरामपूर व नेवासा या भागांत ऊस उभा राहिला. पाणी अडले अकोले तालुक्यात, भिजली मात्र खालची जमीन. गेल्या शंभर वर्षांतील या खोऱ्याच्या राजकारणाचा आणि अर्थकारणाचा बराचसा भाग या एका वस्तुस्थितीभोवती फिरत आला आहे.

असे असूनही भंडारदऱ्याचा सलग, साधार इतिहास लिहू पाहणाऱ्या अभ्यासकाच्या हाती छापील ग्रंथ मोजकेच लागतात. १८८४ चे अहमदनगर जिल्ह्याचे गॅझेटियर धरणापूर्वीचे आहे. पाटबंधारे खात्याचे अहवाल बांधकामाविषयी व महसुलाविषयी बोलतात, माणसांविषयी क्वचितच. मधली पोकळी बऱ्याच अंशी भरून काढू शकेल असे साहित्य म्हणजे विद्यापीठांना सादर झालेले एम.ए., एम.एस्सी., एम.फिल. व पीएच.डी. पदव्यांचे प्रबंध होत. हे प्रबंध कोठे व कसे साठले, त्यांपैकी काय डिजिटल ग्रंथालयांत आले, आणि आलेलेही सापडत का नाही, याचा ऐतिहासिक मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. शोधाचे उदाहरण म्हणून सर्वत्र भंडारदरा व प्रवरा खोरे हेच क्षेत्र घेतले आहे.

मुंबई, पुणे आणि त्यापलीकडे विखुरलेले प्रबंध

पुणे विद्यापीठाची स्थापना १० फेब्रुवारी १९४९ रोजी झाली. तोपर्यंत नगर जिल्ह्यातील कोणत्याही विषयावरचा पदव्युत्तर प्रबंध १८५७ साली स्थापन झालेल्या मुंबई विद्यापीठाकडे जात असे. ही बाब अभ्यासक अनेकदा विसरतात आणि १९४९ पूर्वीचे काम पुण्यात शोधत बसतात. पुण्यातील गोखले अर्थशास्त्र संस्था १९३० साली स्थापन झाली. तेथील विद्यार्थ्यांनी संशोधन पुण्यात राहून केले तरी त्या काळातील पदवी मुंबई विद्यापीठाची असे. साहजिकच प्रबंधाची एक प्रत मुंबईत तर दुसरी संस्थेच्या ग्रंथालयात, अशी विभागणी झाली.

गोखले संस्थेचा प्रवरा खोऱ्याशी असलेला संबंध विशेष महत्त्वाचा आहे. संस्थेचे संचालक धनंजयराव गाडगीळ यांचा गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभांची पाहणी करणारा ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला. सिंचनाचा लाभ केवळ पाणीपट्टीच्या वसुलीवरून मोजू नये, त्या पाण्याने एकूण ग्रामीण अर्थव्यवस्थेत काय बदल घडतो हे पाहावे, ही त्या पाहणीमागील दृष्टी होती. भंडारदऱ्याच्या पाण्याचा हा पहिला मोठा सामाजिक-आर्थिक लेखाजोखा म्हणावा लागेल. पुढे लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे पहिले अध्यक्ष गाडगीळच होते. पाहणी करणारा अभ्यासक आणि त्याच पाण्यावर उभ्या राहिलेल्या उद्योगाचा अध्यक्ष एकच असावा, हा योग इतिहासकाराने नोंदवण्याजोगा आहे. गाडगीळांचा भारताच्या औद्योगिक उत्क्रांतीवरील १९२४ चा प्रसिद्ध ग्रंथही मुळात केंब्रिज विद्यापीठाला सादर केलेला एम.लिट.चा प्रबंध होता. कपाटात पडून राहिला असता, तर त्या प्रबंधाचेही नाव आज किती जणांना ठाऊक असते?

डेक्कन कॉलेजची कथा वेगळी. १९३९ साली संशोधन संस्था म्हणून पुनरुज्जीवित झालेल्या या संस्थेत ह. धी. सांकलिया यांच्या नेतृत्वाखाली प्रवरा खोऱ्यात मोठे काम झाले. संगमनेरजवळील जोर्वे येथे १९५०-५१ मध्ये व नेवासे येथे १९५४-५६ मध्ये उत्खनने झाली. ताम्रपाषाणयुगीन 'जोर्वे संस्कृती' हे नाव या खोऱ्यातील एका खेड्याने भारतीय पुरातत्त्वाला दिले. या परंपरेत तयार झालेले प्रबंध पुरातत्त्व, भूरूपशास्त्र व प्राचीन पर्यावरण अशा शीर्षकांखाली वर्गीकृत झाले. भंडारदऱ्याचा इतिहास शोधणारा विद्यार्थी त्या कपाटाकडे सहसा वळत नाही.

नगर जिल्ह्यावरील काही महत्त्वाचे संशोधन तर महाराष्ट्राबाहेरच झाले. बा. स. बाविस्कर यांचा सहकारी साखर कारखान्यांच्या राजकारणावरील १९८० चा ग्रंथ कोपरगाव परिसरातील क्षेत्रकार्यावर आधारलेला आहे, परंतु ते संशोधन दिल्ली विद्यापीठात झाले. सुमित गुहा यांच्या मुंबई-दख्खनच्या शेती-अर्थव्यवस्थेवरील १९८५ च्या ग्रंथामागे केंब्रिजमधील प्रबंध आहे. ब्रिटिश विद्यापीठांतील प्रबंध शोधण्यासाठी ब्रिटिश लायब्ररीने 'इथॉस' ही सेवा चालवली होती. ऑक्टोबर २०२३ मधील सायबर हल्ल्यानंतर ती बंद पडली. डिजिटल झाले म्हणजे कायमचे सुरक्षित झाले, या समजुतीला छेद देणारी ही घटना होय.

सूचीपासून जाळ्यापर्यंत

प्रबंध अस्तित्वात आहे हेच कळले नाही, तर तो कोठे ठेवला आहे हा प्रश्न उद्भवतच नाही. भारतीय विद्यापीठांच्या संघटनेने, म्हणजे पूर्वीच्या आंतरविद्यापीठ मंडळाने, १८५७ ते १९७० या काळातील पीएच.डी. प्रबंधांची विषयवार सूची प्रसिद्ध केली. पुढे तिच्या 'युनिव्हर्सिटी न्यूज' या नियतकालिकातून नव्याने मान्य झालेल्या प्रबंधांची यादी येत राहिली. या याद्यांमध्ये नाव, शीर्षक, विद्यापीठ एवढेच असे. शीर्षकात 'अकोले' किंवा 'भंडारदरा' हा शब्द नसेल, तर आत त्यावर दोन प्रकरणे असली तरी शोधणाऱ्याला त्याचा पत्ता लागणे अशक्य होते. पदव्युत्तर लघुप्रबंधांना तर या याद्यांत स्थानच नव्हते.

संपूर्ण मजकूर डिजिटल स्वरूपात सादर करण्याची कल्पना अमेरिकेत रुजली. तेथील व्हर्जिनिया टेक या विद्यापीठाने १९९७ पासून इलेक्ट्रॉनिक प्रबंध सक्तीचा केला. भारतात म्हैसूर विद्यापीठात २००० साली 'विद्यानिधी' प्रकल्प सुरू झाला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००५ साली इलेक्ट्रॉनिक प्रतींविषयी नियमावली केली व २००९ च्या पीएच.डी.-एम.फिल. विनियमांत तिला बंधनकारक रूप दिले. 'इन्फ्लिबनेट' या आयोगाच्या केंद्राने त्यासाठी 'शोधगंगा' हे भांडार उभारले. हे केंद्र आज गांधीनगरला असले तरी त्याची सुरुवात १९९१ साली पुण्यातील 'आयुका'च्या छत्राखाली झाली होती, हे महाराष्ट्रातील अभ्यासकांनाही फारसे माहीत नसते. शोधगंगेत आता पाच लाखांहून अधिक प्रबंध उपलब्ध आहेत. सुरू असलेल्या संशोधनाच्या रूपरेषा 'शोधगंगोत्री'त ठेवल्या जातात.

कृषी विद्यापीठांचा प्रवाह मात्र स्वतंत्र आहे. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठासह देशातील कृषी विद्यापीठांचे प्रबंध 'कृषिकोश' या भांडारात जातात, आणि त्यात एम.एस्सी.(कृषी) पदवीचेही प्रबंध असतात. प्रवरा खोऱ्यातील पाणीवापर, ऊस किंवा अकोले तालुक्यातील भातशेती यांविषयी केवळ शोधगंगेत शोध घेऊन 'काही मिळाले नाही' असा निष्कर्ष काढणे म्हणूनच घाईचे ठरते. गोखले संस्थेचे धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय आपले डिजिटल भांडार वेगळे चालवते. तेथे जुनी दुर्मिळ पुस्तके, अहवाल व संस्थेतील विद्यार्थ्यांचे प्रबंध ठेवलेले आहेत. एकाच खोऱ्याच्या अभ्यासासाठी किमान तीन दारे ठोठवावी लागतात, आणि प्रत्येक दाराची कडी निराळी आहे.

नावांचा घोळ

डिजिटल ग्रंथालयात शब्द टाकला की उत्तर मिळते असे मानले जाते. प्रत्यक्षात यंत्र केवळ अक्षरे जुळवते. भंडारदरा परिसराच्या बाबतीत ही अक्षरेच बेभरवशाची आहेत.

सर्वांत मोठा अडथळा खुद्द तालुक्याच्या नावाचा आहे. इंग्रजी राजवटीतील कागदपत्रांत व १८८४ च्या गॅझेटियरमध्ये नगर जिल्ह्यातील अकोले तालुक्याचे नाव 'अकोला' असे लिहिलेले आढळते. इतिहासाचे जुने प्रबंध त्याच लेखनाचे अनुकरण करतात. आज रोमन लिपीत 'अकोला' शोधल्यास विदर्भातील अकोला जिल्ह्यावरील प्रबंधांचा ढीग समोर येतो आणि सह्याद्रीतील अकोले त्याखाली गाडले जाते. 'अकोला' बरोबर 'अहमदनगर' शब्द जोडला तरच वाट मोकळी होते. जिल्ह्याचे नाव बदलून अहिल्यानगर झाल्यावर नव्या प्रबंधांत ही जोडीही बदलणार, त्यामुळे दोन्ही नावांनी शोध घेणे क्रमप्राप्त आहे. विद्यापीठाच्या नावाचेही तसेच. २०१४ पूर्वीच्या मुखपृष्ठांवर 'पुणे विद्यापीठ' तर नंतरच्या मुखपृष्ठांवर 'सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ' असते.

धरण 'विल्सन', जलाशय 'ऑर्थर', गाव 'भंडारदरा', योजना 'प्रवरा कालवे' अशी एकाच गोष्टीची चार नावे आहेत. अभियांत्रिकीच्या अभ्यासकांना हे धरण ठाऊक असते ते वेगळ्याच कारणासाठी. १९६९ साली धरणाच्या बांधकामाला तडे गेल्याचे आढळले व पुढे खालच्या बाजूने आधारखांब बांधून त्याला बळकटी देण्यात आली. दगडी धरणांच्या दुरुस्तीच्या अभ्यासात भंडारदऱ्याचा उल्लेख त्यामुळे येतो, पण तो प्रकरणाच्या पोटात, शीर्षकात नव्हे. खालच्या निळवंडे धरणाविषयीचे साहित्य 'ऊर्ध्व प्रवरा प्रकल्प' या अधिकृत नावाखाली व काही वेळा सुरुवातीच्या नियोजित स्थळाच्या म्हणजे 'म्हाळादेवी'च्या नावाखाली सापडते. १९७० च्या सुमारास आखलेल्या या प्रकल्पाच्या डाव्या कालव्याचे लोकार्पण ऑक्टोबर २०२३ मध्ये झाले. अर्धशतकाहून अधिक काळ रेंगाळलेल्या योजनेवर अर्थशास्त्र, भूगोल आणि राज्यशास्त्र या तिन्ही विषयांत लिहिले जाणे स्वाभाविक आहे, आणि तिन्ही विषयांची शब्दावली वेगवेगळी आहे.

माणसांच्या व समाजांच्या नावांचा प्रश्न त्याहून नाजूक. या खोऱ्यातील महादेव कोळी समाजाविषयी कॅप्टन अलेक्झांडर मॅकिन्टॉश याने १८३६ च्या सुमारास सविस्तर वृत्तांत लिहिला. त्यात 'म्हादेव-कोळी' असे रूप आहे. गो. स. घुर्ये यांचा १९५७ चा ग्रंथ 'महादेव कोळी' असे लिहितो. इतरत्र 'महादेओ' हेही लेखन प्रचलित आहे. देवगावच्या राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. इंग्रज अधिकाऱ्यांच्या कागदपत्रांत त्यांचे नाव 'राघू भांग्रिया' अशा तऱ्हेने येते, तर डेव्हिड हार्डीमन यांनी १९९५ साली त्यांच्या बंडावर लिहिलेल्या इंग्रजी निबंधाच्या शीर्षकातील रोमन लेखन आणखी वेगळे आहे. ज्या माणसाला सरकारने आधी दरोडेखोर म्हटले आणि समाजाने क्रांतिकारक मानले, त्याच्या नावाची चार रूपे व्हावीत यात नवल नाही. परंतु त्यांपैकी एकच रूप ठाऊक असलेल्या विद्यार्थ्याच्या वाट्याला एकाच बाजूचा इतिहास येतो. प्रशासकीय दस्तऐवजांवर आधारलेले प्रबंध इंग्रजी रूपाखाली सापडतात आणि मौखिक परंपरेवर आधारलेले मराठी रूपाखाली. हा केवळ शुद्धलेखनाचा प्रश्न नाही.

मराठीतून लिहिलेल्या प्रबंधांची स्थिती सर्वांत बिकट आहे. शोधगंगेत अनेक मराठी प्रबंधांची शीर्षके रोमन लिपीत लिप्यंतरित केलेली असतात, आणि लिप्यंतराचा एकच असा नियम पाळलेला नसतो. 'आदिवासी', 'सामाजिक', 'चळवळ' हे शब्द तीन-तीन तऱ्हांनी लिहिलेले आढळतात. त्याहून मोठी अडचण मजकुराची. युनिकोड रूढ होण्यापूर्वी मराठी प्रबंध 'श्रीलिपी', 'कृतिदेव', 'शिवाजी' यांसारख्या फॉन्टमध्ये टंकलिखित होत. पडद्यावर ते देवनागरी दिसतात, पण यंत्राच्या दृष्टीने ती रोमन चिन्हांची निरर्थक ओळ असते. 'भंडारदरा' हा शब्द अशा पीडीएफमध्ये शंभर वेळा आला असला तरी शोध शून्य उत्तर देतो. छायाचित्ररूपाने स्कॅन केलेल्या जुन्या टंकलिखित प्रतींतील मजकूरही अक्षरओळख केलेली नसेल तर तसाच अदृश्य राहतो. त्यामुळे मराठी प्रबंधांच्या बाबतीत शब्दशोधावर विसंबून न राहता विद्यापीठ, विभाग व मार्गदर्शक यांच्या नावांवरून याद्या चाळणे हाच विश्वासार्ह मार्ग ठरतो. ही पद्धत वेळखाऊ आहे, ग्रंथालयातील कार्डांचे खण उघडून पाहण्याच्या जुन्या पद्धतीची आठवण करून देणारी आहे, परंतु तिला पर्याय नाही.

आणखी एक बाब अनुभवी अभ्यासक जाणतात. शोधगंगेत प्रबंध प्रकरणशः वेगळ्या फायलींत ठेवलेला असतो. बहुतेक जण पहिले प्रकरण उघडतात. उघडायची असते ती शेवटची, संदर्भसूचीची फाइल. तेथे जुन्या अप्रकाशित प्रबंधांची नावे असतात, ज्यांचा डिजिटल माग अन्यत्र लागत नाही. एका सूचीतून दुसरीकडे, दुसरीतून तिसरीकडे असे मागे मागे जात विद्यापीठ स्थापनेच्या पहिल्या दशकांपर्यंत पोहोचता येते. भूगोलाच्या प्रबंधातून अर्थशास्त्राचा आणि वनस्पतिशास्त्राच्या प्रबंधातून देवराईविषयक समाजशास्त्राचा प्रबंध हाती लागणे या वाटेवर विरळा नाही. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य १९८६ साली घोषित झाल्यानंतर या डोंगररांगांवर वनस्पती व पर्यावरण अभ्यासकांचे लक्ष वाढले, आणि वनहक्क, चराई, गवत, हिरडा यांविषयीची माहिती इतिहासाच्या नव्हे तर विज्ञानाच्या प्रबंधांत साठत गेली.

एम.फिल. लघुप्रबंधांचे काय झाले

शोधगंगेत मुख्यतः पीएच.डी. प्रबंध आहेत. स्थानिक इतिहासाच्या दृष्टीने मात्र एम.फिल.चे लघुप्रबंध अधिक मोलाचे असू शकतात. पीएच.डी.चा विषय जिल्हा किंवा विभाग इतका विस्तृत असतो, लघुप्रबंध एका तालुक्याचा, एका बाजारपेठेचा, एका वसतिगृहाचा असतो.

या लघुप्रबंधांची संख्या एका विशिष्ट काळात वाढली, त्यामागे धोरण होते. २००६ साली अनुदान आयोगाने पदवी स्तरावरील अध्यापनासाठी एम.फिल.धारकांना नेट परीक्षेतून सूट दिली. जुलै २००९ मध्ये ही सूट काढून घेण्यात आली. मधल्या तीन वर्षांत ग्रामीण भागातील तासिका तत्त्वावरील शिक्षकांपासून कायम नोकरीची वाट पाहणाऱ्यांपर्यंत अनेकांनी एम.फिल.ला प्रवेश घेतला, त्यातही काहींनी परराज्यातील दूरशिक्षणातून. विषय निवडताना साहजिकच जवळचा तालुका निवडला गेला, कारण क्षेत्रकार्य सुटीच्या दिवशी करता येत असे. या कामाचा दर्जा असमान आहे हे मान्य करावे लागेल. घाईत लिहिलेले, दुसऱ्याच्या प्रकरणांवर उभे असलेले लघुप्रबंध त्यात नक्कीच आहेत. तरीही त्यांना सरसकट मोडीत काढणे योग्य नाही. सिद्धांताची मांडणी दुबळी असलेल्या लघुप्रबंधाच्या परिशिष्टात गावकऱ्यांच्या मुलाखती, ग्रामपंचायतीच्या ठरावांच्या नकला किंवा शाळेच्या हजेरीपटावरील आकडे असू शकतात, आणि इतिहासकाराला नेमके तेच हवे असते.

२०२२ च्या विनियमांनी एम.फिल. ही पदवीच बंद केली. पदवी बंद झाली, तेव्हा तिच्याखाली साठलेल्या साहित्याच्या जतनाची स्वतंत्र तरतूद झाली नाही. परराज्यातील विद्यापीठाला सादर केलेला, नगर जिल्ह्यातील एका आदिवासी तालुक्यावरचा मराठी किंवा इंग्रजी लघुप्रबंध तेथील ग्रंथालयात कोण उघडणार? आणि जागेअभावी कपाटे रिकामी करण्याची वेळ आली तर प्रथम काय बाहेर जाणार?

याचे गांभीर्य भंडारदऱ्याच्या संदर्भात काळाच्या हिशेबाने लक्षात येते. १९१० ते १९२६ या काळात धरणाचे काम चालले. दगड फोडणारे, चुन्याच्या घाण्यांवर राबणारे, ज्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या ते लोक लेखी साधनांत जवळजवळ नाहीत. १९२० साली दहा वर्षांचा असलेला मुलगा १९८५ साली पंचाहत्तर वर्षांचा होता. म्हणजे १९७० व १९८० च्या दशकांत या खोऱ्यात क्षेत्रकार्य केलेल्या एखाद्या विद्यार्थ्याने म्हाताऱ्यांच्या मुलाखती घेतल्या असतील, तर त्या धरणाच्या बांधकामाच्या प्रत्यक्षदर्शी साक्षी ठरतात. त्या साक्षी आता पुन्हा घेता येणार नाहीत. २००६ ते २००९ मधील लघुप्रबंधांत दुसऱ्या पिढीच्या, म्हणजे निळवंड्याच्या विस्थापनाचा व आंदोलनांचा अनुभव असलेल्यांच्या साक्षी असू शकतात. तीही पिढी आता थकत चालली आहे.

तालुक्यातील महाविद्यालयांची भूमिका

अकोले येथे अगस्ती महाविद्यालय व राजूर येथे ॲड. एम. एन. देशमुख महाविद्यालय आहे. राजूर हे भंडारदऱ्याला जवळचे महाविद्यालयीन गाव. मोठ्या विद्यापीठीय भांडारांना जे जमणार नाही ते अशा महाविद्यालयांना सहज जमू शकते, कारण प्रबंधलेखक त्यांच्याच परिसरातले असतात. तालुक्यावर कोणी, कोणत्या विद्यापीठात, कोणत्या साली प्रबंध लिहिला, ही माहिती महाविद्यालयाच्या शिक्षकखोलीत तोंडी फिरत असते. ती लिहून काढून, प्रत्येक नोंदीपुढे गावांची, व्यक्तींची व योजनांची सर्व पर्यायी नावे देवनागरीत व रोमन लिपीत दिली, तर वर वर्णिलेला नावांचा घोळ पुष्कळसा सुटेल. त्यासाठी मोठ्या संगणकप्रणालीची आवश्यकता नाही. शोधगंगा ज्यावर चालते ती 'डीस्पेस' प्रणाली मुक्त व विनामूल्य असली तरी ती सांभाळण्यास प्रशिक्षित माणूस लागतो. साधी वर्णनात्मक सूची मात्र कोणतेही ग्रंथालय तयार करू शकते.

पूर्ण मजकूर स्कॅन करून खुला करताना स्वामित्वहक्काचा प्रश्न येतो. १९५७ च्या कायद्यानुसार प्रबंधाचा हक्क सामान्यतः लेखकाकडे असतो व तो लेखकाच्या निधनानंतर साठ वर्षे टिकतो. २००९ पूर्वीच्या प्रबंधांना इलेक्ट्रॉनिक प्रसिद्धीची संमती घेतलेली नसल्याने विद्यापीठांची ग्रंथालये ते खुले करण्यास कचरतात, आणि त्यांचा संकोच कायद्याला धरूनच आहे. दुसरी धास्ती उचलेगिरीची. खुला प्रबंध चोरला जाईल असे मार्गदर्शकांना वाटते. वास्तविक कपाटातला प्रबंध चोरणे अधिक सोपे असते, कारण चोरी ताडून पाहायला दुसरी प्रत कोणाच्या हाती नसते. २०१८ च्या उचलेगिरीविषयक विनियमांनंतर तुलना करणारी प्रणाली ज्या साठ्याशी मजकूर ताडते, त्या साठ्यातच जुने प्रबंध नसतील तर तिचा उपयोग मर्यादित राहतो.

संमतीचा अडथळा तालुका पातळीवर बराच हलका होतो. १९८० च्या दशकात प्रबंध लिहिणारे बहुतेक जण आज सेवानिवृत्त आहेत. कोणी अकोल्यात, कोणी संगमनेरला, कोणी नाशिक-पुण्यात स्थायिक झाले आहेत, आणि त्यांच्याकडे स्वतःची बांधीव प्रत बहुधा असते. एका पानाच्या संमतिपत्रावर सही आणि प्रतीचे स्कॅनिंग, एवढेच काम आहे. त्यातही प्राधान्य द्यावयाचे झाले तर ते प्रकरणांना नव्हे, मुलाखतींच्या परिशिष्टांना द्यावे लागेल. शक्य असेल तेथे मुलाखतीच्या मूळ वह्या व ध्वनिफितीही मागून घ्याव्या लागतील, कारण प्रबंधात उतरला तो त्यांतील थोडाच भाग होय.